मुग्धास, फिल्नोसच्या खोऱ्यातून

चि. मुग्धा हिस,
अनेक आशीर्वाद.

दादाने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून आमचा इथल्या हॉटेलात मुक्काम ठरवून दिला, त्याचे फोटो आईने तुला इतके पाठवलेत की डोंगर किती देखणे वगैरे मी काही लिहीत नाही. तू आणि प्रसाद गुहागरच्या आगरात पाहुण्यांसाठी घरं बांधायचं म्हणताय, ते डोक्यात ठेवून मी इथे बरंच काही विचारून घेतलं. ते फोनवर सांगायला गेलो की तू ‘हो बाबा, हो बाबा’ करतेस आणि विषय बदलतेस. म्हणून पत्र.

म्युनिकहून निघालेली गाडी ब्रेनर खिंड ओलांडून ब्रिक्सेनला येते. तिथून बसने वर चढलं की फिल्नोसचं खोरं. मुलूख इटलीचा, प्रांताचं नाव दक्षिण टिरोल, पण पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता, त्यामुळे घरोघरी जर्मनच बोलतात. खोऱ्याच्या टोकाला गायस्लरचे सुळके. हॉटेलात उतरलेल्या माणसाला बस आणि रेल्वेचा पास मिळतो, वेगळं तिकीट काढावं लागत नाही. तरी आवारात मोठमोठ्या मोटारींची रांग लागलेली असते, हे मी पहिल्याच संध्याकाळी बघून ठेवलं.

हॉटेल एका कुटुंबाचं. मूळचं शेतघर, आजोबांनी दोन-चार खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, आता तिसरी पिढी आहे. मालक सकाळी गोठ्यात असतो आणि तिथूनच निळा ॲप्रन बांधून नाश्त्याच्या वेळी टेबलांमधून फिरतो. इकडच्या शेतकऱ्यांचा तो नेहमीचा पोशाख, पाहुण्यांसाठी केलेलं सोंग नाही. सासूबाई बागेतली भाजी खुडतात. सुनेला इंग्रजी उत्तम येतं, त्यामुळे माझ्या सगळ्या चौकशा तिच्याच वाट्याला आल्या. बिचारीने कंटाळा केला नाही.

‘पर्यावरणपूरक’ म्हणजे नक्की काय, हे मी तिला स्पष्टच विचारलं. बाथरूममध्ये ‘टॉवेल पुन्हा वापरा’ अशी पाटी लावली की काम झालं असं मानणारी हॉटेलं आपण पाहिली आहेत. ती मला सरळ तळघरात घेऊन गेली. तिथे बॉयलर. शेजारच्या कोठीत लाकडाच्या ढलप्या, म्हणजे बोटाएवढे तुकडे, साठवलेले. एक फिरता स्क्रू ते आपोआप भट्टीत ढकलतो. सगळं घर आणि आंघोळीचं पाणी त्यावर तापतं. लाकूड स्वतःच्या जंगलातलं. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर इथे वाया नावाचं वादळ आलं, त्यात लाखो झाडं एका रात्रीत आडवी झाली. पुढच्या हिवाळ्यांत बर्फाच्या भाराने आणखी मोडली, आणि त्या पडलेल्या लाकडात स्प्रूस या इथल्या सूचिपर्णी झाडाची साल पोखरणारा किडा माजला. उतारांवर तपकिरी वाळलेले पट्टे दिसतात, ते त्याचेच. मेलेलं झाड वेळेत बाहेर काढलं नाही तर शेजारचंही जातं, म्हणून ते तोडायचं आणि जाळायचं. भिंती आणि खिडक्या अशा की उष्णता बाहेर जाऊ नये, काचा तिहेरी. आपल्याकडे नेमका उलटा प्रश्न, घाम निघू नये हा. पण चिऱ्याची भिंत, उंच कौल आणि रुंद पडवी एवढ्यावर आपले पूर्वज भागवत होते. तू आर्किटेक्ट, तुला मी काय सांगणार.

आता खटकलेलंही सांगतो. बाहेरचा तलाव गरम पाण्याचा, उघड्यावर, सप्टेंबरअखेरच्या थंडीत. रात्रभर वाफा निघत असतात. एवढं तापवलेलं पाणी आभाळाला द्यायचं आणि वर स्वतःला हिरवं म्हणायचं? सूनबाई हसली आणि म्हणाली, तो नसेल तर बुकिंग येत नाही. उत्तर प्रामाणिक होतं, पण मला पटलं नाही. खालच्या बाजूला दुसरं तळं आहे, क्लोरीन नसलेलं, पाणवनस्पती पाणी साफ करतात. त्यात मात्र कोणी उतरत नव्हतं! सौनात, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, कपडे घालून जायचं नाही असा इकडे रिवाज. ती पाटी वाचून तुझी आई जी मागे फिरली, ती थेट खोलीत.

खाण्याचे हाल होतील ही तिची भीती फुकट गेली. पालक आणि ताजं चीज भरलेले श्लुट्झक्राप्फेन म्हणून एक प्रकार असतो, दिसायला थेट आपली करंजी, फक्त उकडलेली आणि वर लोणी. ती रोज तेच मागत होती. या खोऱ्याची स्वतःची मेंढीही आहे, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेली. ही जात नाहीशी व्हायच्या बेताला आली होती. मग शेतकऱ्यांनी तिची लोकर आणि मांस दोन्हीला गिऱ्हाईक शोधलं, आणि आज ती टिकून आहे. आमच्या खोलीतली रजई त्या लोकरीची.

पण पत्र लिहायला बसलो ते यातल्या कशासाठीच नाही. जवळच्या एका शेतघराच्या भिंतीवर ‘एर्बहोफ’ अशी पाटी पाहिली. एकाच कुटुंबात निदान २०० वर्षं राहिलेल्या शेतघराला हा मान मिळतो. मी विचारलं, दोनशे वर्षांत वाटण्या झाल्या नाहीत? तर म्हणे, करताच येत नाहीत. इथे शेतजमीन, घर, गोठा, जंगल मिळून एक ‘बंद शेत’ धरतात. ते परवानगीशिवाय तोडून विकता किंवा वाटता येत नाही. एका वारसाने सगळं घ्यायचं, बाकीच्या भावंडांना पैसे द्यायचे. मुसोलिनीच्या काळात, १९२९ मध्ये, हा कायदा मोडीत काढला होता, १९५४ मध्ये इथल्या प्रांताने परत आणला. नवा कायदा २००१ चा. असं शेत होण्याची अट तर मला फारच आवडली: त्याच्या उत्पन्नात निदान चार माणसांचा नीट निर्वाह झाला पाहिजे. आपल्याकडे आपण गुंठे मोजतो. त्यावर किती माणसं जगतील, हे कोण मोजतं?

त्याची दुसरी बाजूही मी विचारली. भावंडांना मिळणारी रक्कम शेताच्या उत्पन्नावरून ठरते, बाजारभावाने नाही. म्हणजे ती थोडीच. २००१ पर्यंत शेत घेणाऱ्या वारसांत मुलग्याला पसंती होती, ती त्या कायद्याने काढली. मालकाची बहीण खाली ब्रिक्सेनमध्ये शिक्षिका आहे. रविवारी आली होती, जेवली, आईला बागेत मदत केली. तिच्या मनात काय आहे ते मी विचारलं नाही, विचारणं बरंही दिसलं नसतं. आपल्या राज्यात मुलींना वडिलार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क १९९४ मध्येच मिळाला, देशभर २००५ मध्ये, आणि मला ते हवंच आहे. इथला कायदा उचलून आण असं मी अजिबात म्हणत नाही.

म्हणतो ते एवढंच. आपल्या आगराच्या सातबाऱ्यावर वीसेक नावं आहेत. त्यातली काही माणसं वारली, काहींनी गुहागर कधी पाहिलंही नाही. तू आणि प्रसाद घरांचे नकाशे काढताय. पाहुणे यायला लागले, चार पैसे दिसायला लागले, की ही सगळी नावं जागी होतील. आणि तेव्हा पोफळीच्या रांगांमधून कुंपणं पडतील. राहणार कोण, राबणार कोण, बाहेर गेलेल्यांना काय मिळणार आणि कोणत्या हिशेबाने, हे पहिला चिरा रचायच्या आधी कागदावर आणा. जमीन न तोडता सगळ्यांना हिस्सा देता येईल अशी भागीदारी किंवा कंपनी करता येते का, ते वकिलाला विचार.

आणि आकडा आधीच ठरवा. या प्रांताची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास, आणि पाहुण्यांचे मुक्काम वर्षाला तीन कोटींच्या वर. शेवटी २०२२ मध्ये प्रांताच्या सरकारनेच पाहुण्यांच्या खाटांवर मर्यादा घातली. वरच्या गावात रानुईचं १७४४ चं चिमुकलं चर्च आहे, कुरणात एकटं उभं. फोटो काढणाऱ्यांनी गवत इतकं तुडवलं की शेतमालकाला फिरतं फाटक लावून पैसे घ्यावे लागले. गुहागरला अशी मर्यादा कोणी घालणार नाही. तुमची विहीर मे महिन्यात किती माणसांना पुरते, त्यावर खोल्या ठरवा. प्रसादच्या कागदावर बारा आहेत. मला पाच दिसतात.

आम्ही मंगळवारी म्युनिकला परततो, पुढच्या आठवड्यात घरी. तोवर तलाठ्याकडून ताजा सातबारा आणि आठ-अ काढून ठेव, आणि आत्याला फोन कर. तिचा हिस्सा आहे, आणि तिला अजून कोणी काही विचारलेलं नाही. दिवाळीला सगळे जमतील तेव्हा बोलू. आई म्हणते, त्या करंज्यांची कृती तिने लिहून घेतली आहे, पण चीज कुठलं घ्यायचं ते तू शोध.

तुझा,
बाबा