साहेब, तलावाचा काठ तेवढा राहू द्या

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारीतल्या) तलावांचा उतरता काठ

साहेब, नमस्कार.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितो आहे. घरी धानाची शेती आहे आणि गळ्यात दुर्बीण अडकवून फिरायची खोड आहे. गावात त्यावरून माझी पुष्कळ थट्टा होते, ते असो. गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी काय पाहिलं, तेवढं तुमच्या कानावर घालायचं आहे.

साडेसहाला तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चढलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. मला कोणी पाहायच्या आत टिटवीनं पाहिलं आणि बोंब ठोकली. धुकं उठलं तसा पाळीसमोरचा काठ दिसू लागला. पाणी मागं सरकून तिथं ओला चिखल उघडा पडला होता आणि त्यावर पंगत बसली होती. पंगत म्हणतो, कारण या पक्ष्यांच्या जागा पायांच्या उंचीवर ठरतात. लांब लाल पायांचे शेकाटे वीतभर पाण्यात. त्यांच्या अलीकडे, जेमतेम बोटभर पाण्यात, तुतारी पक्षी. आणि पाणीच नाही, नुसती ओल आहे, तिथं छोटे टिलवे. छोटा टिलवा चिमणीएवढा, वजन पंचवीस-तीस ग्रॅम. अंडी घालतो पार उत्तरेकडे, सायबेरियाच्या बर्फाळ टोकाला, आणि हिवाळ्यात आमच्या चिखलात शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच चालवत असतो. मी अर्धा तास एकाच टिलव्याकडे पाहत होतो. त्यानं चोच थांबवली नाही, चहा माझा थंड झाला.

आठच्या सुमारास वारकरी पक्षी एकाएकी गोळा होऊन पाणी बडवत पळाले. वर पाहिलं तर दलदली भोवत्याची मादी, तपकिरी अंग, डोकं सायीच्या रंगाचं. पंख जरा वर धरून ती देवधानावरून (काठच्या रानटी धानावरून) इतकी खालून गेली की पाती हलली. तिला मारायची घाई नव्हती. एक फेरी, दुसरी फेरी, कोण मागं राहतं ते पाहायचं. कापशी घार तारेवर बसून शेपटी हलवत होती आणि धान कापलेल्या बांधीतल्या, म्हणजे शेतातल्या, लाखोळीच्या पिकात उंदीर शोधत होती. अकराला ऑस्प्रे, म्हणजे मासे मारणारा शिकारी पक्षी, आला. पाण्यावर एका जागी पंख मारत थांबला, मग पाय पुढं करून धपकन पडला आणि मासा घेऊन उठला. माझ्याजवळ जाळं उकलत बसलेल्या म्हाताऱ्या ढिवर (मासेमार) बाबाजींना म्हटलं, केवढी मोठी घार! ते म्हणाले, "थो का घार होय जी? थो त आमच्यावानी ढिवर होय."

साहेब, मुंबईची मंडळी हे पक्षी पाहायला खाडीवर जातात. खाडीला दिवसातून दोनदा ओहोटी लागते, दोनदा चिखल उघडा पडतो. आमच्या तलावाला वर्षातून एकदाच ओहोटी असते. पावसाळ्यात भरायचं आणि हिवाळा-उन्हाळा हळूहळू उतरायचं. त्या उतरण्यावर ही सगळी पंगत चालते. कोहळी लोकांनी अडीच-तीनशे वर्षांपूर्वी हे तलाव बांधले ते धानासाठी, पण जमिनीचा उतार ओळखून एकाच बाजूला पाळ घातली. म्हणून समोरचा काठ बशीसारखा राहिला.

आता दुःखाची गोष्ट. त्याच तलावाच्या उत्तर अंगाला आदल्या उन्हाळ्यात गाळ काढला होता. जेसीबीनं काठापासूनच खोदायला घेतलं, कारण ट्रॅक्टर तिथवर सोपा येतो. आता तिथं माणूसभर उंच उभी कड आहे आणि खाली थेट खोल पाणी. दुपारी चार वाजेपर्यंत त्या अंगाला मला एक पाणकावळा दिसला. टिलवा उभा कुठं राहणार? मी साधू बनून बोलत नाही. त्या गाळाच्या बारा ट्रॉल्या माझ्या बांधीतही पडल्या आहेत आणि धान चांगला आला. गाळ निघालाच पाहिजे, नाही तर तलाव मरतो. प्रश्न कुठून काढायचा एवढाच आहे. बाबाजींचं म्हणणं, मासाही अंडी घालायला उथळातच येतो, काठ गेला तर त्यांचंही गेलं.

हे कोणाला सांगावं म्हणून मी नियम वाचायला घेतले. पाणथळ जागांचे 2017 चे नियम आहेत, पण त्यांच्या व्याख्येतून खास सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. म्हणजे ऑस्प्रेला आणि टिलव्याला जी पाणथळ वाटते, ती कागदावर पाणथळ नाही. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. तिथं एस्टिमेटमध्ये घनमीटर असतात, काठ नसतो.

केंद्राचा नियम बदला असं मी म्हणत नाही, ते माझ्या आवाक्यातलं नाही. जलसंधारण विभागाशी बोलून एक आदेश काढा : गाळ तलावाच्या पोटातून आणि पाळीच्या बाजूनं काढावा, समोरचा उतरता काठ आणि त्यावरचं देवधान सोडावं, आणि काम सुरू होण्याआधी गावच्या ढिवर सोसायटीला विचारून चुन्याची रेघ मारावी. रेघ मारायला पैसा लागत नाही.

आणखी एक. आपल्या सरकारचा पक्षी सप्ताह 5 ते 12 नोव्हेंबरला असतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली साहेबांची जयंती पाचला, पक्षितज्ज्ञ सालिम अली यांची बाराला, तारखा योग्यच आहेत. चितमपल्ली साहेब तर आमच्या नवेगावबांधचेच म्हणायचे. पण नोव्हेंबरात तलाव काठोकाठ असतो, चिखल पाण्याखाली असतो. शाळेची पोरं बॅनर धरून पाळीवर येतात, पाणी पाहतात आणि परत जातात. त्यांना जानेवारीत एकदा आणायला सांगा.

तुम्हीही जानेवारीतच या. मोठा ताफा आणू नका, टिटवी ऐकत नाही. स्वेटर आणा. चहा माझ्याकडे.

आपला,
पाळीवरचा एक धानउत्पादक