उमा भारतींची मागणी अजून बाकी आहे

संपादक महोदय,

महिला आरक्षणावरचे लेख मी न चुकता वाचते. त्यांत भाजपच्या नेत्या उमा भारतींचे नाव सहसा नसते. आले तर अयोध्येपुरते येते. अयोध्या आंदोलनातली त्यांची भाषणे मला तेव्हाही पटली नव्हती. पण या बाईंचे एक ऋण माझ्यासारखीवर आहे: महिला आरक्षणात ओबीसी बायकांचा वेगळा वाटा त्यांनी मागितला.

मी राजापूर तालुक्यातल्या एका गावची माजी सरपंच, कुणबी समाजाची. घरधनी मुंबईला गिरणीत, शेती माझ्या अंगावर. निवडणुकीला उभी राहिले ती ओबीसी महिलेसाठी राखीव असलेल्या जागेवरून. नुसती 'महिला राखीव' असती, तर खोतांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, घरातली सून उभी राहिली असती आणि आम्ही लावणी टाकून तिच्या प्रचाराला गेलो असतो.

उमाताईंचा जन्म १९५९ चा, मध्य प्रदेशातल्या टीकमगड जिल्ह्यातल्या डुंडा गावचा. लोधी म्हणजे शेतकरी समाज. शाळा सहावीपर्यंत, पण लहानपणापासून रामायण-भागवतावर प्रवचने. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांनी राजकारणात आणले. १९८४ मध्ये खजुराहोत हरल्या, १९८९ मध्ये तिथूनच खासदार झाल्या. १९९२ मध्ये अमरकंटकला उडुपीच्या पेजावर मठाच्या विश्वेशतीर्थ स्वामींकडून संन्यास घेतला. पुढे मध्य प्रदेशचे मुख्यमंत्रिपद मिळाले आणि आठ-नऊ महिन्यांत गेलेही.

संन्याशाला जात नसते असे आम्ही कीर्तनात ऐकत आलो. या संन्यासिनीने मात्र १९९६ मध्ये देवेगौडा सरकारने महिला आरक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा लोकसभेत ओबीसी बायकांचा वाटा मागितला. स्वतःचा पक्ष विधेयकाच्या बाजूने असताना मागितला. भगवी वस्त्रे नेसूनही आपण कुठल्या घरातून आलो हे त्या विसरल्या नाहीत. मला हा त्यांच्या संन्यासाचा मोठेपणा वाटतो. (२०२२ मध्ये भोपाळच्या दारू दुकानावर त्यांनी दगड मारला, ते मला पटले नाही. आपल्याकडे बायका मतदान करून बाटली आडवी करतात, तोच रस्ता बरा.)

२०२३ मध्ये महिला आरक्षणाचा कायदा झाला. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना वाटा आहे, ओबीसी स्त्रियांना नाही. तेव्हाही उमाताईंनी हीच मागणी पुन्हा केली. ग्रामपंचायतीत मला जे मिळाले, ते माझ्या नातीला लोकसभेत का मिळू नये? आरक्षण लागू होण्याआधी दुरुस्ती व्हायला हवी. कोकणातल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत मांडावा. या पत्राची प्रत मी त्यांनाही पाठवत आहे.

— एक माजी सरपंच, ता. राजापूर, जि. रत्नागिरी