बाब-अल-मंदेबचा धोका येमेनच्या रणांगणावर ठरतो : केंद्रीय जहाजवाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

तांबड्या समुद्रातल्या आणि त्याच्या दक्षिण तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीतल्या जहाजांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या थांबल्या की मॅनिंग एजंट, म्हणजे जहाजांसाठी खलाशी भरती करणारे, पोरांना सांगू लागतात, "आता शांत आहे, सही करा." कोकणातली, केरळातली, तमिळनाडूतली मुले या एका वाक्यावर बोटीवर चढतात. समुद्रावर नोकरी केलेले आम्ही काही निवृत्त डेक आणि इंजिन अधिकारी हे पत्र लिहीत आहोत. हे वाक्य कशावर आधारलेले आहे, हे आपल्या मंत्रालयाने तपासावे, एवढ्यासाठी.

येमेनच्या हुथी बंडखोरांनी हे हल्ले गाझातल्या युद्धाचे कारण देऊन केले, पण येमेनचे यादवी युद्ध गाझामुळे सुरू झालेले नाही. सप्टेंबर 2014 मध्ये हुथींनी राजधानी साना घेतली आणि 26 मार्च 2015 ला सौदीच्या नेतृत्वाखालील आघाडीने बॉम्बफेक सुरू केली. हुथींच्या पाठीशी इराण उभा राहिला. पुढे आघाडीतच दोन तट पडले. ऑगस्ट 2019 मध्ये अमिरातीच्या पाठिंब्यावरच्या दक्षिणी संक्रमण परिषदेने, म्हणजे दक्षिण येमेन वेगळा मागणाऱ्या गटाने, एडन शहर ताब्यात घेतले, तेही सौदीच्या पाठिंब्यावरच्या सरकारकडून. डिसेंबर 2025 मध्ये याच परिषदेच्या फौजा पूर्वेकडच्या हद्रामौत प्रांतात घुसल्या. 30 डिसेंबरला सौदीने तिथल्या मुकल्ला बंदरावर हल्ला केला आणि त्याच दिवशी अमिरातीने उरलेले सैनिक परत बोलावत असल्याचे जाहीर केले. एकाच आघाडीतले दोन देश एका बंदरावरून समोरासमोर आले. ज्या किनाऱ्याजवळून आपली जहाजे एडनच्या आखातात जातात, तो हाच किनारा.

जमिनीवर काय घडते आणि समुद्रात काय होते, यातले अंतर किती कमी आहे ते जानेवारी 2022 मध्ये दिसले. महिन्याच्या सुरुवातीला अमिरातीच्या पाठिंब्यावरच्या जायंट्स ब्रिगेड या येमेनी फौजा शबवा प्रांतात हुथींवर तुटून पडल्या. त्याच दिवसांत हुथींनी तांबड्या समुद्रावरच्या होदैदा बंदराजवळून अमिरातीचा झेंडा लावलेले 'रवाबी' हे जहाज पळवले. ते येमेनच्या सोकोत्रा बेटाहून सौदीच्या जिझान बंदराकडे निघाले होते. 11 जणांपैकी 7 भारतीय होते आणि ते एप्रिल अखेर सुटले. 17 जानेवारीला अबुधाबीतल्या मुसफ्फा येथे हुथींचा हल्ला होऊन दोन भारतीय कामगार मेले. तेव्हा गाझाचा विषय कुठेच नव्हता. शबवातली लढाई पाहणाऱ्याला हा महिना वाईट जाणार हे आधीच कळू शकले असते.

उलट बाहेरच्या सत्तांचे जाहीरनामे पाहणारा फसतो. 6 मे 2025 ला ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका आणि हुथी यांच्यात समझोता झाला. तो फक्त अमेरिकी जहाजांपुरता होता, पण बाजारात तो 'तांबडा समुद्र खुला' म्हणून खपला. 6 जुलैला 'मॅजिक सीज' आणि दुसऱ्याच दिवसापासून 'इटर्निटी सी' या जहाजांवर हल्ले झाले. दोन्ही बुडाली. 'इटर्निटी सी'वरची किमान चार माणसे गेली. काहींना हुथींनी पकडून नेले. त्यातला एक भारतीय डिसेंबरमध्ये ओमानमार्गे सुटला.

या दोन्ही जहाजांचा झेंडा लायबेरियाचा होता आणि इस्रायलशी त्यांचा संबंध इतकाच की त्यांच्या कंपन्यांची दुसरी जहाजे इस्रायली बंदरांत जाऊन आली होती. सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहिलेला मुद्दा हाच आहे. हुथी केवळ झेंड्यावर जात नाहीत, चालक दलाचे राष्ट्रीयत्व तर मुळीच पाहत नाहीत. ते मालकी आणि ताफ्याची बंदरभेट पाहतात, आणि तीही जुन्या नोंदींवरून. एप्रिल 2024 मध्ये रशियाच्या प्रिमोर्स्कहून आपल्या वाडीनारला येणाऱ्या 'अँड्रोमेडा स्टार'वर क्षेपणास्त्र आले. ते जहाज ब्रिटिश मालकीचे म्हणून नोंदलेले होते, प्रत्यक्षात काही महिन्यांपूर्वी विकले गेले होते. त्यावर 30 पैकी 22 जण भारतीय होते. म्हणजे माल भारताचा, माणसे भारताची आणि जिवावर बेतले ते कागदावरच्या जुन्या मालकामुळे.

म्हणून आमची पहिली मागणी : खलाशांच्या भरती आणि नियुक्तीच्या 2016 च्या नियमांत दुरुस्ती करून प्रत्येक परवानाधारक एजंटाला करारावर सही घेण्यापूर्वी एक पान देणे बंधनकारक करा. त्यात जहाजाचे सध्याचे आणि मागच्या दोन वर्षांतले मालक व व्यवस्थापक असावेत. त्याच कंपनीच्या इतर जहाजांनी या काळात घेतलेली बंदरे आणि चालू प्रवासाचा मार्गही त्यातच असावा. ही माहिती कंपन्यांकडे असते आणि विम्याच्या दलालाला ती दिली जाते. जीव धोक्यात घालणाऱ्या खलाशालाच ती मिळत नाही.

दुसरी गोष्ट नकाराच्या हक्काची. मार्च 2024 मध्ये जहाजमालक आणि खलाशी संघटनांच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटी मंचाने (आयबीएफ) दक्षिण तांबड्या समुद्राचा भाग युद्धसदृश क्षेत्र ठरवला. त्यानुसार तिथे जायला नकार देता येतो, कंपनीच्या खर्चाने घरी परतता येते आणि दोन महिन्यांचा मूळ पगार भरपाई मिळते. जाणाऱ्याला मूळ पगाराइतका बोनस मिळतो, किमान पाच दिवसांचा, आणि मृत्यू वा अपंगत्वाची भरपाई दुप्पट होते. पण हे फक्त त्या मंचाचा करार असलेल्या जहाजांवर. लहान मालकांच्या जहाजांवर चढणाऱ्या मुलांना यातले काहीच लागू नाही. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात (एमएलसी) युद्धक्षेत्रात जायला संमती नसलेल्याला परत पाठवण्याची तरतूद आहे, पण ती मार्गदर्शक भागात (बी 2.5.1) आहे, सक्तीच्या नाही. नव्या मर्चंट शिपिंग कायद्याखाली नियम करताना भारतीय सीडीसी, म्हणजे खलाशाचे नोंदणीपुस्तक, असलेल्या प्रत्येकाला हे हक्क द्या, झेंडा कोणताही असो. नकार दिलेल्याचे नाव काळ्या यादीत गेले तर एजंटाचा परवाना निलंबित व्हावा. या शिक्षेशिवाय हा हक्क कागदावरच राहील, कारण पुढची बोट मिळणार नाही या भीतीने मुले गप्प बसतात.

प्रशिक्षणातही बदल हवा. सोमाली चाच्यांच्या काळात शिकवलेली सवय अजून सुटलेली नाही : धोका दिसला की सगळ्यांनी सिटाडेलमध्ये, म्हणजे आतून बंद करून लपायच्या जागी, बहुधा इंजिनरूममध्ये जायचे. चाच्यांविरुद्ध ते बरोबर आहे, कारण त्यांना माणसे हवी असतात. स्फोटके भरलेली मानवविरहित बोट मात्र पाण्याच्या रेषेवर आदळते, आणि इंजिनरूम तिथेच असते. जून 2024 मध्ये 'ट्यूटर' या जहाजावर नेमका तसाच तडाखा बसला आणि इंजिनरूममधला खलाशी गेला. क्षेपणास्त्र किंवा अशी बोट येत असेल तर जमायची जागा पाण्याच्या रेषेच्या वर हवी, राहत्या भागाच्या मध्यावर, जिन्याजवळ आणि बाहेरच्या खिडक्यांपासून दूर. बाब-अल-मंदेब पार होईपर्यंत इंजिनरूममध्ये शक्यतो कोणी ठेवू नये. दोन्ही सराव वेगवेगळे घ्यायला हवेत आणि मान्यताप्राप्त संस्थांच्या सुरक्षा अभ्यासक्रमात ते सक्तीचे व्हायला हवेत. जहाजाची जागा सतत प्रसारित करणारी एआयएस यंत्रणा बंद केल्याने सुटका होते, हाही भ्रम आहे. शेवटच्या नोंदीवरून वेग आणि दिशा धरली की पुढची जागा काढता येते, आणि अंधारात टकरीचा धोका वाढतो तो वेगळाच.

शेवटचे, सूचनापत्रकांबद्दल. नौवहन महासंचालनालयाने तांबड्या समुद्राची धोक्याची पातळी कमी करताना वॉशिंग्टन, रियाध वा तेहरानच्या घोषणेवर अवलंबून राहू नये. होदैदा, मारिब, शबवा आणि हद्रामौतच्या युद्धआघाड्यांवर, तसेच येमेनच्या तेलनिर्यातीबाबत काय चालले आहे, याचा आढावा परराष्ट्र मंत्रालय आणि नौदलासोबत दर पंधरवड्याला घ्यावा आणि मराठी, मल्याळम, तमिळ, हिंदीत प्रसिद्ध करावा. कोणत्याही समझोत्यानंतर किमान 90 दिवस पातळी खाली आणू नये. मे ते जुलै 2025 मध्ये अवघे 61 दिवस गेले होते.

आपले,
काही निवृत्त जहाज अधिकारी, मुंबई आणि रत्नागिरी