टाचेपासून गुडघ्यापर्यंत

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, रात्र

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र परवा मिळालं. मी दोनदा वाचलं, मग तुझ्या वहिनीनं वाचलं. तुझ्या छकुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हातापायांच्या हालचालीवर नीट ताबा राहत नाही, हे तू फोनवर सांगितलंच होतंस. पण पत्रातल्या एका ओळीपाशी मी अडकलो. "वजन वाढत नाही, पण सगळे म्हणतात अशी मुलं बारीकच असतात." आमच्या पोराला, सोन्यालाही तोच विकार, आणि त्याच्या बाबतीत हेच वाक्य आम्ही दोन वर्षं ऐकलं आणि मान डोलावली. म्हणून हे लांबलचक पत्र लिहायला बसलोय.

आमचं घर तुला माहीत आहे. आजोबांनी उभी हयात तालमीत काढली. कुणी किती दूध पितो, किती बदाम खातो, यावर आमच्याकडं माणसाची ओळख ठरायची. त्या घरात पोराला सकाळ-संध्याकाळ म्हशीचं दूध आणि अंगावर मात्र मूठभर मांस नाही. आई म्हणायची, खाल्लेलं अंगी लागत नाही. खरं तर खाल्लेलं पोटात जातच नव्हतं, पण ते आम्हाला फार उशिरा कळलं.

आधी मोजमापाचं सांगतो, कारण आमची चूक तिथूनच सुरू झाली. सोन्या साडेचार वर्षांचा असताना एका दवाखान्यात त्याला टेबलावर झोपवून टेपनं लांबी घेतली. पाय ताठरलेले, गुडघे सरळ होत नाहीत, कंबर वाकडी. लांबी भरली 93 सेंटीमीटर, वजन 12 किलो. तक्त्यात बघून सांगितलं, "उंचीच्या मानानं वजन बसतंय, काळजी नको." आम्ही पेढे घेऊन घरी आलो.

पुढं सहा महिन्यांनी एक बालरोग फिजिओथेरपिस्ट बाई भेटल्या. तो दवाखान्याचा कागद बघून त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी सोन्याच्या बऱ्या बाजूचा पाय घेतला, गुडघा आणि घोटा काटकोनात धरला आणि टाचेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर मोजलं. मग जुन्या तपासण्यांची फाइल मागितली. त्यात दवाखान्याच्या त्याच आठवड्यात बुटांच्या मापासाठी घेतलेलं हेच अंतर लिहिलेलं होतं, 29 सेंटीमीटर. त्याला 2.69 नं गुणून 24.2 मिळवायचे. 1995 साली अमेरिकेत स्टीव्हनसन नावाच्या डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीच हा हिशोब मांडला, दोन ते बारा वर्षांच्या वयाकरता. बाईंनी तिथल्या तिथं आकडेमोड केली, उत्तर आलं 102. म्हणजे त्या दिवशी टेपनं पोराची नऊ सेंटीमीटर उंची खाल्ली होती. 93 सेंटीमीटरच्या पोराला जे 12 किलो जेमतेम चालतात, तेच 102 सेंटीमीटरच्या पोराला तीव्र कुपोषणाच्या रेघेखाली नेतात. पोर तेच, काटाही तोच. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग त्यांनी कॅलिपर, म्हणजे कातडीची जाडी मोजायचा चिमटा, काढला. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, दंडाच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरायची आणि तिची जाडी मोजायची. तीन वेळा मोजून सरासरी काढतात. तिथं साठलेली चरबी म्हणजे अंगातली शिल्लक. त्या वयाच्या शंभर मुलांना रांगेत लावलं तर सोन्या शेवटच्या दहांत. युरोपातल्या बालपचनविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं 2017 साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही हेच आहे: अशा मुलांचं पोषण नुसत्या उंची-वजनावरून ठरवू नका, दंडाची चरबी बघा.

आता तू पाठवलेल्या तक्त्याबद्दल. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी वेगळे तक्ते आहेत आणि छकुली त्यात मधल्या रेघेवर येते, म्हणून तुम्हाला हायसं वाटलं. मलाही वाटलं असतं. पण ते तक्ते 2011 साली छापले गेले, कॅलिफोर्नियातल्या 25 हजारांहून जास्त मुलांच्या जुन्या नोंदींवरून. ती मुलं जशी होती तशी त्यांत उतरली आहेत, अर्धपोटी राहिलेलीही. जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे तक्ते नीट खाऊनपिऊन वाढलेलं मूल कसं वाढतं ते दाखवतात. "अशीच असतात" आणि "अशी असायला हवीत" यांत जेवढं अंतर आहे, तेवढं या दोन तक्त्यांत आहे. मधल्या रेघेवर विसंबू नकोस. वजन पुढच्या तीन महिन्यांत वर जातंय की जागेवर थांबलंय, ते बघ.

वजन घरीही घेता येतं. तिला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहा, मग एकटा उभा राहा आणि वजाबाकी कर. काटा तोच हवा, वेळ तीच, आणि पायातले ब्रेस, म्हणजे आधाराचे साचे, काढून. आमच्याकडं एकदा ब्रेस विसरले आणि पोर अर्धा किलो वाढलं म्हणून तुझ्या वहिनीनं अंबाबाईला ओटी भरली. तुझ्या गावच्या अंगणवाडीतल्या ताईंकडं दंडाची पट्टी असते, तीही लावून घे. पाच वर्षांच्या आत दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली असेल तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

पण दोस्ता, मला सगळ्यांत जास्त जे सांगायचंय ते काट्यावर दिसत नाही. जेवायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघ. सोन्याला एका वेळेला सव्वा तास लागायचा आणि त्यातलं निम्मं लाळेऱ्यावर. रोजचं जेवण अर्ध्या तासाच्या वर जात असेल तर ती धोक्याची खूण मानतात. खाताना खोकला येतो का, डोळ्यांत पाणी येतं का, घास गेल्यावर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा होतो का? माझी आई त्याला मांडीवर आडवा घेऊन, मान मागं टाकून बोंडल्यानं दूध पाजायची. आम्हा सगळ्या भावंडांना तिनं तसंच वाढवलं, तिच्या मायेत काडीची कसर नव्हती. पण मान मागं गेली की श्वासाची वाट उघडी पडते, आणि दूध त्या वाटेनं छातीत उतरतं. वर्षात तीन वेळा न्यूमोनिया झाला तो त्यामुळं. आता खुर्चीत ताठ बसवतो, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. पातळ दुधाऐवजी नाचणीची दाटसर पेज. दाटपणा किती ठेवायचा हे मात्र गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टकडूनच ठरवून घे.

घास मोजकेच जाणार असतील तर प्रत्येक घासात ऐवज हवा. गुरगुट्या भातावर दोन चमचे तूप, आमटीत कच्च्या घाण्याचं तेल, शिऱ्यात शेंगदाण्याचं अगदी बारीक वाटलेलं कूट आणि आपला गूळ. पाणीदार सूप पाजून पोट भरू नका. आणि उलटी बाजूही ध्यानात ठेव. न चालणाऱ्या मुलाला उष्मांक कमी लागतात, रोज उंचीच्या दर सेंटीमीटरमागं साधारण 11, चालत्या-फिरत्या मुलाला 15 च्या आसपास. त्यामुळं शेजारच्या पोराइतकं वजन करायच्या नादाला लागलास तर नुसती चरबी चढेल, आणि तिला उचलून उचलून आमच्या वहिनींची कंबर जाईल.

बद्धकोष्ठ, दातदुखी, जेवण वर येणं, यांतलं काहीही असलं तरी मूल तोंड मिटतं, ते आधी तपासून घ्या. फिटचं औषध चालू असेल तर ड जीवनसत्त्वाचं विचारा. पोटातून नळीनं अन्न देण्याची वेळ आली तर रडू नका. आम्ही त्या सल्ल्यावर नुसता विचार करण्यात आठ महिने घालवले. निरामय विमा योजनेचा अर्जही भरा, त्यात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना वर्षाला एक लाखापर्यंतचं कवच आहे.

सोन्या आता साडेपंधरा किलोचा आहे. या हिवाळ्यात एकदाही दवाखान्यात राहावं लागलं नाही. गेल्या आठवड्यात रंकाळ्यावर नेला तर बदकं बघून एवढ्या मोठ्यानं हसला की फिरायला आलेली माणसं वळून बघायला लागली. अंगात ताकद असली की हसूही मोठं येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

दिवाळीच्या आधी छकुलीला घेऊन ये. बाईंची वेळ मी घेऊन ठेवतो. येण्याआधी तीन दिवस ती काय, किती आणि किती वेळात खाते ते वहीत लिहा, सांडलेलं वगळून. तिची खुर्ची, नेहमीचा चमचा आणि वाटीही आणा, घास कसा जातो ते बाई तिच्याच भांड्यांत बघतात. पहिली गाडी धरलीत तर दुपारच्या जेवणाला घरी पोचाल. आईनं छकुलीसाठी नाचणी आत्ताच भिजत घालायची का विचारलं.

तुझाच,
दोस्त