याद्या लावल्या, आता पैसा कुठे अडला तेही लावा

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

२०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांसाठी शासनाने अर्थसाहाय्य दिले. ०.२० हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राला सरसकट १,००० रुपये, त्यापुढे हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत. हिशेब सोपा आहे. ८० आर (०.८० हेक्टर) सोयाबीन असेल तर ४,००० रुपये. पण रक्कम कमी का आली, किंवा आलीच का नाही, याचे उत्तर शेतकऱ्याला कुठल्याच टेबलावर मिळत नाही. कृषी सहायक तलाठ्याकडे पाठवतो, तलाठी बँकेत, आणि बँक सांगते की वरूनच जमा नाही.

गावोगाव पात्र शेतकऱ्यांच्या याद्या लागल्या, हे मान्य. पण यादीत नाव येणे वेगळे आणि खात्यात पैसे पडणे वेगळे. मधली घसरण आम्हाला रोज दिसते.

सर्वांत जास्त अडते ते जमिनीचे सामाईक खाते. सातबाऱ्यावर तीन भाऊ, क्षेत्र १ हेक्टर २० आर, कसणारा एक. दुसरा कामासाठी शहरात, तिसरा वारलेला आणि वारसांची नावे लावणारा फेरफार अजून मंजूर व्हायचा. रक्कम एकाच्या नावे घेण्यासाठीच्या ना हरकत पत्रावर तिसरी सही कुणाची घ्यायची? हे ६,००० रुपये तिथेच थांबतात, आणि शासनाच्या दफ्तरी मात्र ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढाच शेरा पडतो. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक असेल तर ई-पीक पाहणीत (मोबाइल ॲपवरच्या पीकनोंदीत) क्षेत्र विभागले जाते आणि रक्कम घटते, पण किती आर धरले हे कुणी दाखवत नाही. सातबाऱ्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक पडला तरी ई-केवायसी (आधारवरून होणारी ओळख पडताळणी) अडते.

त्यानंतर बँक. पैसे आधार क्रमांकावर पाठवले की ते शेतकऱ्याने दिलेल्या पासबुकावर जातीलच असे नाही. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार शेवटचे ज्या बँकेशी जोडले गेले, एनपीसीआय या बँकांमधील देयके हाताळणाऱ्या संस्थेच्या नोंदीप्रमाणे पैसे तिथे जातात. गॅसच्या सबसिडीसाठी कधीकाळी उघडलेले खाते असेल तर माणूस ते विसरलेला असतो. ते बंद पडले असेल तर रक्कम परत फिरते. खात्याला केवायसीसाठी आधार दिलेले असणे आणि ते डीबीटीसाठी जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शाखेतही नीट सांगितले जात नाही.

म्हणून मागणी एकच आहे. गावनिहाय यादीत नावापुढे गट क्रमांक, नोंदलेले क्षेत्र, मंजूर क्षेत्र, रक्कम, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, जमा किंवा परत झाल्याची तारीख आणि नाकारले असल्यास स्पष्ट कारण द्या. आधार, खाते आणि मोबाइल क्रमांक यादीत अजिबात नकोत. ही मेहेरबानी नव्हे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(ख)(बारा) नुसार अनुदान कार्यक्रमाची अंमलबजावणी, दिलेली रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील शासनाने आपणहून प्रसिद्ध करायचा आहे. रोजगार हमीचे हजेरीपट संकेतस्थळावर दिसतात. राजस्थानने २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल उभे केले. आपल्याकडे सातबारा, ई-पीक पाहणी आणि डीबीटी तिन्ही संगणकावर आहेत, तेव्हा ही माहिती नव्याने गोळा करायची नाही, फक्त जोडून दाखवायची आहे.

यादी उघडी असली की खोटी नावेही टिकत नाहीत. कुणाचे रान पडीक होते आणि कुणी किती पोती काढली, हे गावाला पाठ असते.

संकेतस्थळापुरते थांबू नका. छापील प्रत ग्रामपंचायतीत आणि तलाठी कार्यालयात लावा, ग्रामसभेत वाचा, हरकतीसाठी १५ दिवस द्या आणि हरकत घेणाऱ्याला पोच द्या. तालुक्याला आलेली, वाटलेली आणि परत गेलेली रक्कम त्याच यादीच्या तळाशी छापा. परत गेलेला पैसा दुरुस्तीनंतर पुन्हा कधी पाठवणार, ती तारीखही तिथेच हवी.

आपले,
सोयाबीन उत्पादक आणि त्यांची प्रकरणे हाताळणारे कार्यकर्ते