जमविलं कुणाला?

जालना,
जानेवारीचा तिसरा शनिवार

लाडक्या बाळास,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी रागावलेलो नाही, हे आधीच लिहितो. नर्सिंगच्या हॉस्टेलला होतीस तेव्हापासून पप्पांचं पत्र आलं म्हणजे पप्पा चिडले, असं तुझं गणित आहे. पण हे फोनवर बोलणं जमत नाही. फोनवर तू "हो पप्पा, हो पप्पा" करतेस, मागून कुणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारतं आणि माझं वाक्य अर्धं राहतं.

नाताळानंतर तू आलीस, एक रात्र राहिलीस. सकाळी जेवायला बसलो तेव्हा मी तुलाच प्रार्थना करायला सांगितली. फोन तू ताटाजवळ पालथा ठेवला होतास. तो थरथरायला लागला, स्टीलच्या ताटाला लागून घूं घूं वाजायला लागला. तू डोळे उघडले नाहीस, प्रार्थनाही थांबवली नाहीस. नुसता हात पुढे केलास आणि चाचपून तो बंद केलास. आमेन म्हणताच उचलून पाहिलास. वॉचनाइटच्या, म्हणजे वर्षाअखेरच्या रात्रीच्या उपासनेच्या, चहाचे कप तीनशे सांगायचे की चारशे, असं ग्रुपवर कुणीतरी विचारत होतं. मम्मी हसली. हसू मलाही आलं. पण त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही, कारण तो चाचपणारा हात मी ओळखला. तो माझाच होता.

तुला 2013 चा उन्हाळा आठवत असेल. आदल्या वर्षी पाऊस गेला आणि जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. आपलीही अर्धी बाग त्याच साली सरपण झाली. त्या दिवसांत मी मंडळीच्या, आपल्या चर्चच्या, पंच कमिटीत होतो आणि पाण्याचं काम माझ्याकडे होतं. टँकर कधी येणार, कुणाच्या दारात किती ड्रम, कोणती म्हातारी राहून गेली, सगळं खिशातल्या डायरीत. शिवाय उपासना, अंत्यविधी, तालुक्याला अर्ज. लोक म्हणायचे, तुमच्यासारखा सेवक नाही. बाळ, हे ऐकायला फार गोड लागतं. मी त्यावरच जगत होतो. पवित्र शास्त्र उघडायचो ते फक्त शनिवारी रात्री, दुसऱ्या दिवशी वाचन असेल तर.

तुझी आजी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. एका संध्याकाळी म्हणाली, बापू, प्रार्थना कर. मी बाजेवर तिच्या पायाशी बसलो आणि सुरू केलं, "हे दयाळू स्वर्गीय पित्या, आज तू आम्हांस या ठिकाणी एकत्र जमवलंस म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो..." पुढे मंडळीसाठी, पाळकसाहेबांसाठी, पावसासाठी. तोंड आपोआप चालू होतं आणि डोक्यात टँकर होता. आमेन झालं. आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बापू, इथं म्या अन् तूच हाव. जमविलं कुणाला?"

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. टँकरवाला होता. आणि मी उठून बाहेर गेलो. हे मी तुझ्या मम्मीलासुद्धा पुरतं सांगितलेलं नाही.

त्यानंतर आजी नऊ दिवस होती. मी रोज पहाटे तिच्या बाजेपाशी बसू लागलो. प्रार्थना करायचो नाही, हिंमतच नव्हती, नुसता बसायचो. पहिले तीन-चार दिवस डोक्यात ड्रमच मोजले गेले. पाचव्या की सहाव्या दिवशी कधीतरी ते थांबलं. आजीला वाचता येत नव्हतं, तुला माहीत आहे. पण मिशनच्या बायकांकडून ऐकून ऐकून तेविसावं स्तोत्र तिला पाठ होतं. ती ते पुटपुटायची आणि मधल्या ओळीवर थांबायची, जणू समोरून उत्तर येऊ देत होती. मंडळीचा वडील, म्हणजे एल्डर, म्हणून मी एवढी वर्षं उभा राहिलो, पण असं थांबणं मला आलं नव्हतं.

तू म्हणशील, पप्पा, मार्था आणि मरीया सांगणार, त्या दोघी बहिणी, एक कामात गुंतलेली आणि एक प्रभूच्या पायाशी बसलेली. सांगतो, पण थोडं वेगळं. लूकच्या 10व्या अध्यायात प्रभू मार्थेला स्वयंपाकावरून बोलत नाही. तिनं काय केलं ते बघ: कामाच्या तणतणीत प्रभूपाशी आली आणि त्यालाच काम सांगितलं, माझ्या बहिणीला सांग, मला हातभार लाव म्हणावं. आपल्या कमिट्यांतल्या प्रार्थना याहून वेगळ्या असतात का? प्रभू, याला बुद्धी दे, त्याला उठव, पैसे पाठव. हुकमांची यादी. पुढे योहानाच्या 12व्या अध्यायात त्याच बेथानीत जेवण आहे आणि तिथंही मार्था वाढतेच आहे. काम सुटलेलं नाही. मरीयेनं तर या वेळी अख्खं महागडं सुगंधी तेल ओतलं, तरी मार्थेची एक तक्रार नाही. कुरकुर केली ती शिष्य यहूदानं. मधे तिच्यात काही बदललं असावं. काय ते लिहिलेलं नाही, मी आपला अंदाज करतो.

पण तुझ्यासारख्या नर्सनं मार्काचा पहिला अध्याय वाचावा. कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं, दुखणाईत, भूतग्रस्त. ओपीडीच म्हण. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत प्रभू उठून एकांतात गेला. शिमोन शोधत आला, म्हणाला, सगळे तुला शोधताहेत. आणि प्रभू काय करतो? परत जात नाही. चला, दुसऱ्या गावांना जाऊ म्हणतो. म्हणजे त्या सकाळी कफर्णहूमाच्या दारात कुणीतरी आलेच असतील आणि हात हलवत गेले असतील. हे मला कित्येक वर्षं झेपलं नव्हतं. आपण एक कॅरलची फेरी चुकवली तर रात्रभर अपराधी वाटून घेतो.

तूच एकदा म्हणाली होतीस ना, फाइल कितीही नीट भरली तरी पेशंट कळत नाही, पलंगाशी जावं लागतं. मी तेवढंच म्हणतोय.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तू देशील, मला माहीत आहे. मागेही दिलं होतंस. केडगावात शेकडो बायका-मुली, दुष्काळातून आणलेल्या, आणि बाई कधी बसल्या होत्या का म्हणून. बसल्या होत्या गं. एवढा पसारा सांभाळून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि 1922 साली वारल्या तोपर्यंत मराठी बायबलाच्या भाषांतराला धरून राहिल्या. एकेका शब्दापाशी बसल्याशिवाय ते होत नाही.

आता व्यवहाराचं. पहाटे पाचला ऊठ असं मी अजिबात सांगणार नाही. नाइट करून आलीस तर आधी जेव आणि झोप. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश नाही केला, भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. होरेब डोंगरावर देव भेटला, ती गोष्ट नंतरची. पण तुझ्याकडची एक जबाबदारी सोड. संडे स्कूल सोडू नकोस, लेकरं तुला बिलगतात. कॉयरही ठेव. चहाच्या कपांचा तो फोनवरचा ग्रुप मात्र दुसऱ्या कुणाला दे, कप मोजणारा कुणीही सापडेल. तो रिकामा झालेला वेळ दुसऱ्या कामाला देऊ नकोस. वही, पेन, रोजचा अध्याय पूर्ण झाल्याची खूण, यातलंही काही नको. नाहीतर त्याचीही ड्यूटी होईल. फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि बस. कंटाळा येईल. मलाही येतो. मागच्या आठवड्यात तर मी लिंबाखाली खुर्चीतच घोरत होतो, मम्मीनं येऊन उठवलं.

आजोबांच्या बेथेलचं नाव कुठून आलं, हे लहानपणी तू मला विचारायचीस. नारायण शेषाद्रींनी 19व्या शतकात जालन्याजवळ, निजामाच्या मुलखात ती ख्रिस्ती वस्ती वसवली आणि नाव घेतलं याकोबाच्या गोष्टीतलं. याकोब म्हणजे जन्माचा खटपट्या. भावाला गंडवून पळत सुटलेला. देव त्याला त्या वाटेवर भेटला ते दिवस मावळल्यावर, उशाला धोंडा घेऊन तो आडवा झाला तेव्हा. जागा झाल्यावर म्हणाला, परमेश्वर इथं होता आणि मला ठाऊक नव्हतं.

मम्मीनं शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे करून ठेवलेत, शेजारच्या पोराबरोबर सोमवारी पाठवते. डबा परत पाठव, मागचे दोन तुझ्याकडेच आहेत.

मोसंबीच्या बागेला आंबे बहारासाठी, म्हणजे या हंगामाच्या फुलांसाठी, डिसेंबरपासून ताण दिला होता. पाणी बंद केलं की पानं मलूल पडतात, पिवळी होऊन गळतात, येणारा-जाणारा विचारतो, विहिरीत पाणी असून बाग का वाळवताय. काल ताण तोडला. पहिलं पाणी हलकंच दिलं. फुलं दिसायला अजून वेळ आहे. तू फेब्रुवारीत दोन दिवसांची सुट्टी काढून आलीस तर वास येईल.

तुझे,
पप्पा