गेम येण्याआधी पीसी नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजारात, एका दुकानात गेल्या आठवड्यात ‘जीटीए सिक्स रेडी पीसी’ अशी पाटी पाहिली आणि राहवलं नाही, म्हणून हे पत्र. या गेमची तारीख आधी २०२५, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६ अशी सरकत आली. तीही प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांसाठी, म्हणजे कन्सोलसाठी. त्या घोषणेत पीसीचं नावच नाही. पीसीला कोणतं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग) लागेल याची यादी नाही, मग हा पीसी ‘रेडी’ कशावरून? याच मालिकेतला पाचवा गेम कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर थेट एप्रिल २०१५ मध्ये.

इतक्या तळमळीने लिहिते, कारण आमचे हात एकदा पोळले आहेत.

२०१९ ची दिवाळी. ‘सायबरपंक २०७७’ हा गेम १६ एप्रिल २०२० ला येणार म्हणून अकरावीतल्या थोरल्याने घर डोक्यावर घेतलं होतं. माझी भिशी नुकतीच लागली होती. ५२ हजारांना पीसी घेतला. दुकानदाराने कोटेशनच्या पिवळ्या कागदावर पेनाने ‘सायबरपंक चालेल’ असं लिहून दिलं. ग्रँट रोडहून कॅबिनेटचा खोका मांडीवर घेऊन आम्ही कांदिवलीला आलो.

जानेवारीत कळलं, गेम सप्टेंबरमध्ये येणार. जूनमध्ये कळलं, नोव्हेंबर. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पुढे. शेवटी १० डिसेंबरला आला, तोवर वॉरंटीचं एक वर्ष उलटून गेलं होतं, कारण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात. मधल्या काळात, सप्टेंबरमध्ये, गेमला काय लागेल याची यादी आली. नीट खेळायचं तर सहा जीबी मेमरीचं कार्ड हवं. आमचं चार जीबीचं. गेम चालला, पण सगळं सेटिंग खाली आणून. रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे आधी पुसट यायचे, मग हळूहळू उमटायचे. पोरगा पाच-पाच मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसायचा. पुढे २०२३ मध्ये तर गेमच्या कंपनीने हार्ड डिस्कला सपोर्टच बंद केला, तिच्याहून वेगवान असलेली एसएसडी सक्तीची झाली. लॉकडाऊनमध्ये त्याच पीसीवर त्याची बारावी झाली, त्यामुळे पैसे बुडाले असं मी म्हणणार नाही. पण ज्यासाठी घेतला, त्यासाठी तो अपुराच पडला.

आता धाकटा इंजिनीअरिंगला आहे. दुकानदार म्हणतात, ‘ताई, आत्ताच घ्या, रॅम रोज महाग होतेय.’ यात तथ्य आहे. रॅम म्हणजे पीसीची काम करतानाची मेमरी; एआयच्या डेटा सेंटरकडे ही मेमरी वळल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खरंच चढले आहेत. पण म्हणून सगळाच पीसी आज घ्यावा असं नाही. ज्याला अभ्यासाला लागतोय त्याने मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी जरूर घ्यावं. पुढे मोठं कार्ड बसेल असा जास्त वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) घ्यावा आणि कॅबिनेटमध्ये कार्डाच्या लांबीएवढी जागा आहे का, हे टेप लावून बघावं. प्रोसेसर मात्र स्वतःचं ग्राफिक्स असलेलाच घ्या, नाहीतर कार्ड येईपर्यंत मॉनिटर काळाच राहील. गेमसाठी सगळ्यात महाग पडतं ते कार्ड. ते गेमची पीसीवरची तारीख आणि यादी दोन्ही हातात आल्यावरच घ्यावं.

व्यापारी मंडळींना माझी विनंती आहे, की जो गेम पीसीवर आलेलाच नाही त्याच्या नावाची पाटी लावू नका. पोरं ती पाटी वाचून घरी येतात आणि आईबाप हप्ते बांधून घेतात. आपल्या पुरवणीत गेमच्या बातमीसोबत तो कशावर येणार आणि काय लागणार, एवढं मराठीत छापलंत तरी बऱ्याच घरांतले वाद टळतील.

आमच्याकडे येत्या रविवारी कार्ड सोडून बाकी सगळं येतंय. कार्डाचे पैसे धाकट्याच्याच नावावर बँकेत वेगळे ठेवले आहेत.

आपली,
एक वाचक, कांदिवली (पूर्व)